आधी आराखडा : मावळातील तीन कामे आणि एक संकेतस्थळ

जुलै २०२५ मध्ये लोहगडाचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत गेले, तेव्हापासून मावळाविषयी विचारणा करणारे पुष्कळ जण आम्हांला भेटू लागले. त्यांतले बहुतेक पर्यटक असतात. परंतु अधूनमधून विद्यार्थीही येतात. कार्ल्याच्या शिलालेखांचे मराठी वाचन कोठे मिळेल, 'मावळ' या शब्दाची व्युत्पत्ती काय, जात्यावरच्या ओव्या या भागात कोणी गोळा केल्या, असे त्यांचे प्रश्न असतात. उत्तरे आहेत, पण ती जुन्या नियतकालिकांत, गॅझेटियरमध्ये, इंग्रजी शोधनिबंधांत आणि काही वृद्ध माणसांच्या स्मरणात विखुरलेली आहेत. ती एका ठिकाणी आणणारे मराठी संकेतस्थळ असावे, असे आम्हां काही अध्यापकांना वाटले आणि त्यासाठी आम्ही लोणावळ्यात एका मित्राच्या घरी जमलो.

बैठकीत पहिलाच प्रश्न निघाला तो, 'काम कोणाला द्यायचे?' एकाने एका रचनाकाराचे नाव सुचवले, दुसऱ्याने त्याहून स्वस्त अशा दुसऱ्याचे. अर्धा तास दरांची चर्चा झाली. संकेतस्थळावर काय असेल, हे मात्र कोणी विचारले नव्हते. तेव्हा आमच्यातील वयाने सर्वांत ज्येष्ठ असलेल्या बाई म्हणाल्या, "घर कोणाचं, किती माणसांचं, हे ठरायच्या आधी गवंड्याला कशाला बोलावता?"

त्या प्रश्नापाशी आमची चर्चा थांबली. तिचे उत्तर शोधताना आमच्या ध्यानात आले, की ज्या भूमीविषयी आम्ही लिहू पाहत होतो, त्या भूमीनेच हा प्रश्न निदान तीन वेळा मोठ्या प्रमाणावर सोडवलेला आहे: एकदा दगडात, एकदा लोखंडी रुळांत आणि एकदा शब्दांत. आराखडा आणि कारागीर यांच्या नात्याचा हा स्थानिक इतिहास आम्ही आमच्या सोयीसाठी धुंडाळला. तो इतरांच्याही उपयोगी पडेल, या अपेक्षेने येथे मांडत आहोत.

१

प्रथम आमच्या स्वतःच्या चुकीविषयी. बाईंना तो प्रश्न विचारण्याचा अधिकार होता, कारण सर्वांत मोठे नुकसान त्यांचे झाले होते. २००६ च्या सुमारास आम्ही याच विषयावर एक लहानसे संकेतस्थळ काढले होते. ओळखीच्या एका तरुणाकडे ते काम सोपवले. "मजकूर तुम्ही द्या, बाकीचं माझ्याकडे लागलं," असे तो म्हणाला आणि आम्ही निश्चिंत झालो. त्याने भुशी धरणावरून कोसळणाऱ्या पाण्याचे चित्र घेऊन फ्लॅशमध्ये हलते मुखपृष्ठ केले. मजकुरासाठी त्याच्या संगणकावर जो टंक होता तो वापरला. ज्याच्याकडे तो टंक नसे त्याला मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची रांगोळी दिसे. संकेतस्थळाचे नाव त्याने स्वतःच्याच नावावर नोंदवले. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी गेला, नोंदणीच्या नूतनीकरणाचे स्मरणपत्र कोणाकडे गेले ते कळले नाही, आणि एके दिवशी ते संकेतस्थळ उघडेनासे झाले.

यात त्या तरुणाला दोष देणे योग्य होणार नाही. आम्ही त्याला काही सांगितलेच नव्हते. जे निर्णय आमचे होते ते त्याने आमच्या वतीने, त्याला सुचले तसे घेतले. या संकेतस्थळावर बाईंनी नाणे मावळातील तीन आजींकडून ऐकून उतरवलेल्या साठेक ओव्या होत्या. त्या थेट संगणकावरच टंकलेल्या होत्या, वही नव्हती. मजकुराची फाइल एका तबकडीवर सापडली आणि रूपांतरकाच्या साहाय्याने बऱ्याचशा ओव्या वाचताही आल्या. परंतु कोणती ओवी कोणी सांगितली, हे मात्र 'देखणे दिसावे' म्हणून चित्ररूपात केलेल्या मथळ्यांत होते आणि ती चित्रे गेली. तिन्ही आजी आता हयात नाहीत. ओव्या उरल्या, सांगणारीचे नाव गेले. एरवी जतन करण्याच्या गोष्टी बोलणाऱ्या आम्हां मंडळींच्या हातून हे घडले.

२

नाव कसे टिकवावे हे कार्ल्याच्या लेण्याइतके चांगले दुसरे कोणी शिकवू शकेल, असे वाटत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे हे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि जवळजवळ तितकेच उंच आहे. आत ३७ खांब: दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा शिल्पित आणि स्तूपामागे सात साधे, अष्टकोनी. हे सर्व कोणा एका राजाच्या खजिन्यातून झालेले नाही. अनेक खांबांवर दात्यांची नावे आहेत. धेनुकाकट नावाच्या गावाहून आलेले यवन त्यांत आहेत. सोपाऱ्याचा सातिमित नावाचा एक भाणक, म्हणजे धर्मग्रंथांचे पठण करणारा, आहे. दारापुढचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचे दान आहे. ओसरीच्या एका टोकाला वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्णत्वास नेल्याची नोंद आहे. जंबुद्वीपात हे उत्तम, असे सांगण्यासही तो चुकलेला नाही.

एवढ्या गावांचे, एवढ्या वृत्तींचे लोक एकेका खांबाचा खर्च उचलतात आणि तरीही सारे मिळून एकच वास्तू उभी राहते, याचा अर्थ काय? खांब किती, त्यांच्यामध्ये अंतर किती, स्तूप कोठे, उजेड कोठून यावा, हे दान मागण्यापूर्वी ठरलेले होते असे मानल्यावाचून गत्यंतर नाही. दात्याला खांब देता येतो तो, खांबाची जागा आधी ठरलेली असते म्हणून. शिवाय लेणे वरून खाली खोदत येतात, हे अपुऱ्या सोडलेल्या लेण्यांवरून स्पष्ट दिसते: आधी छत, मग खांबांचे माथे, शेवटी जमीन. बांधणाऱ्याला चुकलेला दगड बदलता येतो. खोदणाऱ्याने एकदा काढलेला दगड पुन्हा बसवता येत नाही. छत कोरणाऱ्याच्या मनात तळखड्यांची जागा पक्की असावी लागते.

येथील दोन लेख आम्हांला विशेष बोलके वाटतात. एकात सांगितले आहे, की घरमुख, म्हणजे दर्शनी दार, हे धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाचे, सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे दान आहे. दुसऱ्यात म्हटले आहे, की घराचे मुख धेनुकाकटच्याच सामी या वेणुवासपुत्र वढकीने केले. वढकी म्हणजे वर्धकी, सुतार. लाकडी घरांची रीत जाणणारा माणूस दगडाचे दार घडवतो, हे चैत्याच्या छतातील आजही टिकून असलेल्या लाकडी कमानी पाहिल्या की नवल वाटत नाही. देणारा वेगळा आणि घडवणारा वेगळा. दोघांचीही नावे कोरलेली. आणि 'दिले' व 'केले' यांत गल्लत नाही.

दाता आणि कारागीर यांच्यामध्ये आणखी एक माणूस असे. कार्ल्याच्या धर्तीवर पुढे खोदलेल्या कान्हेरीच्या चैत्यातील लेखात बांधकामावर देखरेख करणाऱ्या भिक्षूचा 'नवकर्मिक' असा उल्लेख येतो आणि त्याच्याबरोबर पाथरवटांचे वेगवेगळे वर्गही नोंदवलेले दिसतात. नवकर्मिक हा छिन्नी चालवत नसे. वास्तू कशासाठी आहे, तेथे कोणता विधी चालणार आहे, भिक्षूंना प्रदक्षिणेला किती वाट लागते, हे जाणणारा आणि ते पाथरवटाला सांगणारा तो होता. आमच्या २००६ च्या संकेतस्थळाला दाते होते, कारागीरही होता, नवकर्मिक नव्हता.

३

कार्ल्याच्या डोंगरावरून उतरून लोणावळ्याकडे आले, की दुसरे उदाहरण समोर येते. बोरघाटातून रेल्वे नेण्याचा विचार ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने केला तेव्हा तिचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी काही वर्षे मोजणीत आणि नकाशे काढण्यात घालवली. सुमारे १५ मैलांच्या वाटेत १,८३१ फूट चढायचे होते. कोणत्या कड्याला बोगदा, कोणत्या ओहोळावर पूल, गाडीला थांबवून उलट दिशेने कोठे न्यायचे, हे कागदावर ठरल्यानंतरच कंत्राट देण्यात आले. ते फॅव्हिएल यांनी घेतले. १८५६ मध्ये काम सुरू झाले. १८५९ मध्ये, मजुरांच्या असंतोषानंतर, त्यांनी ते सोडले. सॉलोमन ट्रेडवेल हे दुसरे कंत्राटदार आले आणि भारतात पोहोचल्यावर अल्पावधीतच वारले. त्यांची पत्नी ॲलिस हिने काम अर्धवट न टाकता दोन अभियंत्यांच्या हाताने पुढे चालवले. बर्कलीही १८६२ मध्ये निवर्तले. तरी २१ एप्रिल १८६३ रोजी घाटमार्ग खुला झाला.

ज्या कामाचा कंत्राटदार एकदा सोडून गेला, दुसऱ्यांदा मरण पावला आणि ज्याच्या योजकालाही ते पूर्ण झालेले पाहता आले नाही, ते काम पुरे झाले. कारण घाट कोणा एकाच्या डोक्यात नव्हता, कागदावर होता. नव्या माणसाला जुन्या माणसाची जागा घेता आली. आमचा तरुण परगावी गेला आणि त्याच्याबरोबर आमचे सर्व काही गेले. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे लेखी आराखड्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु हे उदाहरण अर्ध्यावर सोडणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. १८६७ च्या जुलैमध्ये याच घाटातील म्हौकी मल्ली येथील दगडी पूल कोसळला. पुलाची जागा नकाशात होती, उंची होती. दगडकाम मात्र निकृष्ट होते. आराखडा नुसता असून भागत नाही. कामाचा दर्जा काय असावा हे त्यात लिहिलेले असावे लागते आणि झालेले काम ताब्यात घेताना ते तपासणारा डोळा लागतो.

आणखी एक गोष्ट नकाशात नाही. जुन्या रस्त्याने घाट उतरताना शिंग्रोबाचे देऊळ लागते. लोककथा अशी, की घाटाची वाट साहेबाला सापडेना, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली. बक्षीस विचारले तेव्हा त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घालण्यात आली. ही कथा कागदपत्रांच्या कसोटीला उतरवणे हा येथे आमचा उद्देश नाही. तिच्यातील तक्रार मात्र खरी आहे. डोंगराची माहिती गुराख्याला होती आणि अहवालावर नाव दुसऱ्याचे आले, असे ती कथा म्हणते. वाहने थांबवून नाणे टाकणाऱ्या लोकांनी त्या नावासाठी देऊळ राखले. सिंहदत्त आणि सामी यांची नावे कोरणारी संस्कृती आणि शिंग्रोबाचे नाव देवळातच उरू देणारी व्यवस्था, यांतील अंतर आमच्या आराखड्याने विसरता कामा नये, असे आम्ही ठरवले.

४

तिसरे काम शब्दांचे आहे आणि म्हणून आमच्या विद्याशाखेला सर्वांत जवळचे. शब्दांच्या मोठ्या कामांत योजना आधी करण्याची मराठीतील परंपरा दृढ आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या अकारविल्हे नोंदींपूर्वी पाच प्रस्तावनाखंड लिहिले: जगाच्या ज्ञानाकडे कोठून पाहायचे हे आधी, नोंदी मागून. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईत सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये आला आणि पहिला खंड १९७६ मध्ये. कोणत्या संकल्पनेला कोणता शब्द, हे ठरल्यावाचून शेकडो लेखकांचे लेखन एका कोशात बसणार नव्हते. कार्ल्याचे खांब आणि विश्वकोशाच्या नोंदी यांत या दृष्टीने फार फरक नाही.

आमच्या डोंगरांशी संबंधित असे उदाहरण म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांनी पुण्यातून चालवलेले हे काम मुळशीसारख्या डोंगराळ भागातील कष्टकरी स्त्रियांच्या सहवासातून उभे राहिले आणि पुढे महाराष्ट्रभर पसरून त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. १९९० च्या दशकात संगीताचे अभ्यासक आणि संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले; ध्वनिमुद्रणे झाली, ओव्या संगणकाच्या कोठारात गेल्या. पॉयत्व्हँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये वारल्या. त्यानंतर सात वर्षांनी, २०१७ पासून, 'पारी' या ग्रामीण भारताच्या अभिलेखागाराने हा संग्रह भाषांतरांसह लोकांपुढे ठेवण्यास आरंभ केला.

संग्राहक गेल्यावर दुसऱ्या संस्थेला तो संग्रह उचलता आला, वाढवता आला, गावोगाव जाऊन त्याच गायिकांना पुन्हा शोधता आले. हे का शक्य झाले? प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे नाव, तिचे गाव, तालुका ही नोंद होती आणि विषयांची वर्गवारी होती. सीतेचा वनवास, आईची आठवण, दळणाचे कष्ट, भाऊबहीण असे विषय कोणत्या क्रमाने आणि कोणत्या नात्याने मांडायचे, याचा विचार संग्राहकांनी केला होता. संगणक नंतर आला. ओवीचा पत्ता आधी लिहिला गेला होता. संगणकावर थेट टंकून निश्चिंत झालेल्या आम्हांला हे वाचताना स्वतःच्या साठ ओव्या आठवल्या.

५

या तीन कामांपुढे महाजालावरील मराठीचा अल्पसा इतिहास ठेवला, तर आराखड्याची निकड अधिक जाणवते. दगडात चूक दुरुस्त होत नाही म्हणून लेणे खोदणारा आधी विचार करतो. पडद्यावरचे पान हवे तेव्हा बदलता येते म्हणून आपण विचार पुढे ढकलतो. प्रत्यक्षात टिकते काय? कार्ल्याचे लेख दोन हजार वर्षांनी वाचता येतात. १९९० च्या दशकाअखेरीस आणि त्यापुढील काही वर्षे मराठी दैनिके आणि व्यक्ती आपापल्या टंकांत जे लिहीत होती, त्यातले पुष्कळसे आज तसेच वाचता येत नाही. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा होती; ती वापरण्याचा निर्णय घेण्यास आपण उशीर केला. जिओसिटीज ही फुकट पानांची वसाहत ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली. फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस काढून घेण्यात आला आणि आमचे धबधब्याचे मुखपृष्ठ, ते उरले असते तरी, त्या दिवशी बंद पडले असते. १९९८ मध्येच टिम बर्नर्स-ली यांनी असे प्रतिपादले होते, की चांगल्या पानाचा पत्ता कधी बदलत नसतो आणि बदलतो तेव्हा तो तंत्राचा दोष नसून योजनेचा असतो. तेव्हा ते आम्ही वाचले नव्हते.

म्हणून दुसऱ्या बैठकीत आम्ही संगणक बंद ठेवला आणि टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या. एका चिठ्ठीवर एक पान, असा नियम केला. पहिल्या तासात लोहगड, भाजे, कार्ले, टायगर पॉइंट, चिक्की अशा चिठ्ठ्या जमल्या. मग बाईंनी एकावर 'पाले' लिहिले. मावळातील पाले येथे एका लहानशा गुंफेत ब्राह्मी लेख आहे. अर्हंतांना नमन करून भदंत इंद्ररक्षिताने लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, करवल्याचे त्यात सांगितले आहे. हसमुख सांकळिया आणि शोभना गोखले यांनी तो प्रसिद्धीस आणला. महाराष्ट्रातील जैन धर्माच्या प्राचीनतेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे. परंतु तेथे देखणे छायाचित्र मिळण्यासारखे काही नाही. छायाचित्रांपासून आरंभ करणाऱ्या संकेतस्थळात पाल्याला जागा मिळणार नाही. रचनाकाराला आम्ही आधी बोलावले असते, तर त्याने तयार साच्यात सहा मोठ्या चित्रांच्या चौकटी ठेवल्या असत्या आणि आम्ही त्या भरण्यासाठी सहा धबधबे शोधले असते. आराखडा म्हणजे कोणाला जागा द्यायची याचा निवाडा आहे, हे त्या एका चिठ्ठीने आम्हांला समजले.

चिठ्ठ्या लावायच्या कशा, हा पुढचा प्रश्न. 'किल्ले', 'लेणी', 'पर्यटन' ही विभागणी सर्वत्र असते. आम्ही ती बाजूला ठेवून भूमीने केलेली विभागणी घेतली: आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. खोऱ्यातला माणूस आजही आपला पत्ता असाच सांगतो. पवनेच्या खोऱ्यात तुंग आणि तिकोना आले, बेडशाचे लेणे आले, धरण आले आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे जलवाहिनीविरोधी आंदोलनात गोळीबाराने मृत्यू पावलेले शेतकरीही आले. विषयवार विभागणीत नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या पुत्राने, पुष्यणकाने, बेडशाला दिलेले दान आणि पवनेच्या पाण्यावरचा तंटा कधी शेजारी आले नसते. खोऱ्याच्या पानावर ते आपोआप आले.

नावांची एक वेगळी यादी केली. कार्ले की कार्ला, भाजे की भाजा, लोणावळे की लोणावळा? शीर्षकात एकच रूप, परंतु शोधणाऱ्याला सर्व रूपांनी पान सापडावे, असे ठरले. मराठीतील 'ऱ्य' नीट उमटतो की नाही, हे तपासण्याची अटही लिहिली. कारण डोंगरदऱ्यांच्या प्रदेशाविषयीच्या संकेतस्थळात 'दऱ्या'चा 'दर्या' झाला तर घाटमाथ्यावर समुद्र येईल. 'मावळ' शब्दाविषयी दोन मते द्यायचे ठरले: सूर्य मावळतो ती दिशा, हे प्रचलित मत, आणि कार्ल्याच्या सातवाहनकालीन लेखात येणारे 'मामाल' हे विभागनाम, हे अभ्यासकांचे. त्यासाठी प्रत्येक विधानापुढे 'लेख', 'लोककथा' किंवा 'अनुमान' यांपैकी एक खूण असेल. शिंग्रोबाला त्यामुळे आपल्या हक्काची जागा मिळते आणि इतिहासालाही बाधा येत नाही. नकाशाचा मोह झाला होता; पण धेनुकाकट कोठले याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि नकाशावर टाचणी लावली की मतभेद दिसेनासा होतो. तेव्हा लेखांतील गावांना टाचणी नाही, टीप आहे.

शेवटच्या दोन पानांवर व्यवहार लिहिला. संकेतस्थळाचे नाव व्यक्तीच्या नव्हे, मंडळाच्या नावे. परवलीचे शब्द दोघांजणांकडे. सर्व मजकूर युनिकोडमध्ये आणि साध्या स्वरूपात वेगळाही साठवलेला. वर्षातून दोनदा त्याची प्रत दोन ठिकाणी. चित्रात अक्षरे नाहीत. पानांचे पत्ते बदलायचे नाहीत. पान हलके असावे, कारण वाचणारा बहुधा एसटीची वाट पाहत मोबाइलवर वाचणार आहे. काम ताब्यात घेताना काय तपासायचे, याची यादी म्हौकी मल्लीचे स्मरण ठेवून केली. दर महिन्याला नवे पान कोण लिहिणार आणि चूक कळवल्यास कोण दुरुस्त करणार, तेथे माणसाचे नाव लिहिले, 'सर्वजण' असे लिहिले नाही.

यावर एक आक्षेप आमच्यातीलच एका तरुण सहकाऱ्याने घेतला. सर्व काही आपणच ठरवले तर रचनाकाराला उरते काय? तो काय नुसता हमाल? प्रश्न रास्त आहे. कार्ल्याच्या खांबांकडे पाहिले की त्याचे उत्तर मिळते. खांबांची जागा ठरलेली होती. पण माथ्यावरची हत्तीवर बसलेली युगुले एकसारखी नाहीत. जागा ठरलेली होती म्हणूनच पाथरवटाला तेथे निर्धास्तपणे हात चालवता आला. रंग, अक्षरांचा आकार, मोकळी जागा, डोळा प्रथम कोठे जावा, हे रचनाकाराचे क्षेत्र आहे. त्यात आम्ही शब्दही लिहिलेला नाही. संकेतस्थळाच्या तळाशी मात्र एक ओळ राखून ठेवली आहे. तीत मजकूर कोणी दिला आणि घडण कोणी केली, ही दोन्ही नावे स्वतंत्रपणे येतील. सामी वढकीला दोन हजार वर्षांपूर्वी जो मान मिळाला, तो आजच्या कारागिराला नाकारण्याचे कारण नाही.

आराखडा अठरा पानांचा झाला. तो हातात असल्यामुळे आता तीन रचनाकारांना एकच गोष्ट दाखवता येईल आणि त्यांच्या दरांची तुलना करता येईल; पहिल्या बैठकीत आम्ही ज्या दरांवर भांडत होतो ते कशाचे होते, हे आम्हांलाही सांगता आले नसते. आराखड्याच्या अखेरीस बाईंनी स्वतःच्या हाताने एक पान जोडले आहे. त्यावर नाणे मावळातील तीन आजींची नावे आहेत, त्यांच्या गावांसह. साठ ओव्यांपैकी कोणती कोणाची हे आता ठरवता येणार नाही. तेव्हा त्या तिघींची नावे सर्वच ओव्यांखाली द्यावीत, अशी सूचना त्या पानावर आहे. रचनाकार कोणीही नेमला गेला, तरी ती त्याने पाळावयाची आहे.